हाली सिक्क्याचे वाचन : चिन्ह, अक्षर आणि मोल

नाणे हा धातूचा तुकडा असतो, तसाच तो एक लेखही असतो. जुन्या नाण्यांची पारख करताना धातूकडे जितके लक्ष दिले जाते, तितके लेखाकडे दिले जात नाही. चाकूर व त्याच्या आसपासच्या गावांतील जुन्या घरांतून निघणारा हाली सिक्का हे याचे बोलके उदाहरण होय. १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता व व्यवहारही संस्थानच्या चलनात चाले. चारमिनार दिसला की निजामाचा रुपया, एवढ्यावर या नाण्याची ओळख आटोपते. ही ओळख चुकीची नाही, अपुरी आहे. परंतु मोल ठरविताना अपुरी ओळखही तितकीच घातक ठरते.

प्रथम नावाचाच विचार करावा. 'हाली' म्हणजे सध्याचा, चालू. मराठीतील 'हल्ली' हा शब्द याच कुळातला. इंग्रजी रुपया यंत्रावर पाडलेला, म्हणून तो 'कलदार'. पुढे हाली रुपयाही यंत्रावर पडू लागला, तरी 'कलदार' हे नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिले. लोकांनी दिलेले नाव वस्तूचे मूळ सांगते, तिची नंतरची स्थिती सांगत नाही, हे पारख करणाराने विसरू नये.

चारमिनारचे चित्र रुपयावर आले ते हिजरी १३२१, म्हणजे इ. स. १९०३-०४ च्या सुमारास, मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत. १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांनी तेच चित्र कायम ठेवले. भोवतालच्या लेखात 'निजाम-उल-मुल्क आसफ जाह बहादुर' अशी अक्षरे आहेत. पण हा घराण्याचा किताब आहे, व्यक्तीचे नाव नव्हे. मग नाणे कोणाचे, हे ओळखावे कशावरून? मधल्या कमानीत एकच अक्षर कोरलेले असते : 'मीम' असेल तर महबूब, 'ऐन' असेल तर उस्मान. उस्मान अलींच्या आरंभीच्या नाण्यांवर हे 'ऐन' अपूर्ण आहे, नंतरच्या नाण्यांवर पूर्ण. इमारत पाहणाराला दोन्ही नाणी सारखीच. अक्षर वाचणाराला ती निराळी.

अंकांच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. लेखावरील '९२' हा आकडा पुष्कळांना वर्ष वाटतो. वस्तुतः अब्जद गणनेत 'मुहम्मद' या नामाच्या अक्षरांची बेरीज ९२ होते. १८५७ नंतर मोगल बादशहाचे नाव गेले, तेव्हापासून हा अंक दिसू लागतो. सनाचे तसेच. मराठवाड्यातील जुने महसुली कागद फसलीत असल्यामुळे नाण्यावरील सनही फसलीच समजण्याचा मोह होतो. नाण्यावरील १३३७ हे वर्ष हिजरी, म्हणजे इ. स. १९१८-१९. ते फसली धरले तर १९२७-२८ येते आणि नाणे नऊ वर्षांनी तरुण होते.

चिन्ह पाहून लेख न वाचण्याची खोड केवळ इकडचीच आहे असे नाही. अमेरिकेत १९१६ पासून १९४५ पर्यंत निघालेल्या दहा सेंटच्या नाण्यावर पंखांची टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवता आहे व 'लिबर्टी' हा शब्दही आहे. तरीही टोपीचे पंख पाहून लोकांनी त्यास रोमन देव मर्क्युरीचे नाव दिले. तेथील मॉर्गन डॉलरचे मोल टांकसाळीच्या एका बारीक अक्षराने कितीतरी पालटते.

सराफाची कसोटी मात्र क्षुल्लक लेखण्याचे कारण नाही. चारमिनार रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम व त्यात शुद्ध चांदी सुमारे ८१.८ टक्के, कलदार ११.६६ ग्रॅमचा व ९१.७ टक्क्यांचा. सात हाली रुपयांस सहा कलदार हा प्रचलित भाव या चांदीच्या प्रमाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. पण धातूचे मोल संपते तेथून लेखाचे मोल सुरू होते. अपूर्ण 'ऐन'चा रुपया आणि सर्वसामान्य रुपया यांस तराजू एकच भाव देतो. मूस दोघांनाही सारखीच वितळविते. दागिन्यासाठी कडी डागलेल्या नाण्याचे संग्राहकाच्या लेखी मोल उतरते, परंतु त्यावरील साक्ष शाबूत राहते.

चाकूरच्या बहुसंख्य रयतेला आपल्या हातातील रुपया वाचता येत नव्हता. १९१८ पासून निघालेल्या संस्थानच्या नोटांवर रक्कम मराठीतही छापली जाई. रुपयावर ती कधी आली नाही. म्हणून चित्रावरून ओळखणे ही त्या पिढीची लाचारी होती. आज तीच रीत चालू ठेवणे हा निव्वळ आळस होय. नाणे विकण्यापूर्वी वा आटविण्यापूर्वी कमानीतील अक्षर, सन व धातू या क्रमाने ते तपासावे. किंमत नंतर विचारावी.