पारदर्शकतेचा भ्रम : ‘टाइम्स न्यू रोमन’ आणि तौलनिक साहित्याभ्यास

साहित्यकृतीचा विचार करताना आपण तिची भाषा, शैली, रचनाबंध यांची चर्चा करतो. ती कृती ज्या मुद्राक्षरांतून आपल्यासमोर येते त्यांची चर्चा मात्र क्वचितच करतो. मुद्राक्षर हे केवळ वाहक आहे, असे आपण गृहीत धरलेले असते. या गृहीतकालाही स्वतःचा इतिहास आहे. ‘टाइम्स न्यू रोमन’ या सेरिफयुक्त टाइपाच्या निमित्ताने तो तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९२९ साली स्टॅन्ली मॉरिसन यांनी लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकाच्या छपाईवर कठोर टीका केली आणि सुधारणेचे काम त्यांच्याकडेच आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली व्हिक्टर लार्डेंट यांनी अक्षरे रेखाटली, मोनोटाइप कंपनीने ती घडविली आणि ३ ऑक्टोबर १९३२ रोजी ते दैनिक नव्या टाइपात प्रसिद्ध झाले. या टाइपामागे ‘प्लँटिन’ हा टाइप होता आणि त्याच्याही मागे सोळाव्या शतकातील रॉबेर ग्रांजाँ यांची अक्षरे होती.

या अक्षरांचे रूप वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभाने निश्चित केले आहे. लहान लिपीतील अक्षरांचे मधले अंग उंच, तर वर जाणारे दांडे व खाली उतरणारी शेपटे आखूड. अक्षरांची रुंदी बेताची. जाड-बारीक रेषांतील फरक तीव्र. आणि दांड्याच्या टोकाशी येणारे सेरिफ बारीक व टोकदार. कमी जागेत अधिक मजकूर सामावावा आणि तरीही तो वाचनीय राहावा, ही या रचनेमागील दृष्टी होय. तथापि, अशा नाजूक रेषा उमटण्यास चांगला कागद व काळजीपूर्वक छपाई लागते. त्यामुळे इतर वृत्तपत्रांपेक्षा ग्रंथमुद्रणातच हा टाइप अधिक रुजला. पुढे १९९२ मध्ये तो ‘विंडोज’ प्रणालीबरोबर घरोघरी पोहोचला आणि प्रबंधलेखनाचा जणू अलिखित नियमच होऊन बसला.

या प्रसाराला एका सिद्धान्ताचे पाठबळ होते. चांगले मुद्रण स्वच्छ काचेच्या पेल्यासारखे असावे, पेला दिसू नये, त्यातील मद्य दिसावे, अशी मांडणी बिआट्रिस वॉर्ड यांनी १९३० साली केली. वॉर्ड मोनोटाइपच्याच प्रसिद्धी विभागात कार्यरत होत्या, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पारदर्शकतेचे हे तत्त्व आणि तौलनिक साहित्याभ्यासाला परिचित असलेले ‘ओघवत्या’ अनुवादाचे तत्त्व यांचे नाते निकटचे आहे. अनुवादकाच्या अदृश्यतेमागे कोणती सत्ता असते, हे लॉरेन्स वेनुटी यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. मुद्राक्षराच्या अदृश्यतेला मात्र तो प्रश्न आपण अद्याप विचारलेला नाही.

भारतीय भाषांच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. आपले इंग्रजी शोधनिबंध मराठी, तमिळ, बंगाली अवतरणे रोमन लिप्यंतरात देतात. १८९४ च्या जिनिव्हा येथील प्राच्यविद्या परिषदेपासून स्थिरावलेल्या पद्धतीत अक्षरांखाली टिंबे व अक्षरांवर आडव्या रेघा येतात. ज्या टाइपाची शेपटे ओळी जवळ आणण्यासाठी आखूड केली, त्यात एका ओळीतील टिंब आणि पुढच्या ओळीतील रेघ यांची दाटी होते. युनिकोड रुळण्यापूर्वी तर ही चिन्हे एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना बिघडत. परिणामी अनेकांनी ती गाळूनच टाकली. मग ‘काळ’, ‘काल’ आणि ‘कल’ हे तिन्ही शब्द रोमन पानावर एकरूप होतात. काव्याची चिकित्सा करताना एवढी हानी क्षम्य मानता येईल काय?

देवनागरीकडे पाहता अंतर अधिकच स्पष्ट होते. शिरोरेखा म्हणजे सेरिफ नव्हे. सेरिफ एकेका अक्षराच्या टोकाला येतो, तर शिरोरेखा अक्षरांना जोडून शब्द घडविते. बोरूच्या छाटामुळे देवनागरीतील जाड-बारीक रेषांची दिशाही रोमनच्या उलट असते. बापूराव नाईक यांच्या १९७१ च्या देवनागरी मुद्राक्षरविषयक ग्रंथानंतर मराठी अभ्यासकाला या विषयाचे अज्ञान सांगता येत नाही. म्हणून देवनागरीला टाइम्सचे रूप चढविणे हा उपाय नव्हे. मूळ मजकूर त्याच्या लिपीत, तिच्या प्रमाणांनुसार छापणे हाच उपाय होय. २०१५ पासून निघणाऱ्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या बहुतेक ग्रंथांत समोरासमोरच्या पानांवर हे घडलेले दिसते.

टाइप तटस्थ नसतो, याचा पुरावा राजकारणानेही दिला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००४ मध्ये स्वीकारलेला टाइम्स २०२३ मध्ये अल्पदृष्टीच्या वाचकांच्या सोयीसाठी बाजूला सारला आणि ‘कॅलिब्री’ आणला. डिसेंबर २०२५ मध्ये औपचारिकतेचे कारण देऊन टाइम्स पुन्हा आला. एकाच अक्षरवळणात एकाला अडसर दिसतो, दुसऱ्याला प्रतिष्ठा.

यातून टाइम्सचा निषेध अभिप्रेत नाही. आपल्या प्रयोजनापुरती ती समर्थ निर्मिती आहे. आक्षेप आहे तो एका दैनिकाच्या स्तंभासाठी घडलेल्या उत्तराला सर्व साहित्यांचे सामान्य रूप मानण्याला. पाठचिकित्सेत आपण हस्तलिखिताची लिपी व वळण नोंदवितो. मुद्रित पाठाबाबतही तेवढीच दक्षता घेणे हे तौलनिक अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.