मानधन नको, मजुरी द्या

१ ऑगस्ट आला की आपण अण्णाभाऊंच्या फोटोला हार घालतो. वक्ते येतात. दीड दिवसाची शाळा, वाटेगाव ते मुंबई पायी प्रवास, लोकशाहीर, साहित्यसम्राट. सगळं खरंच आहे. टाळ्या पडतात, चहा होतो, लोक घरी जातात. पण हिशेबाचं कोण बोलतं?

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. पाळी सुटताना आमच्याकडं आधी मीटर बघतात, मग माणसाचं तोंड. त्यामुळं मला एक खोड लागलीय. कुठलाही माल दिसला की पहिला प्रश्न डोक्यात येतो : हा काढला कुणी, आणि त्याला काय मिळालं? सिनेमा बघतानाही हा प्रश्न सुटत नाही. समीक्षक म्हणतील, ही समीक्षा नव्हे. नसू दे. समीक्षेनं हा प्रश्न टाळला म्हणूनच मी लिहायला बसलोय.

अण्णाभाऊंच्या सात कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. १९६१ साली 'वैजयंता'. पुढं 'फकिरा'. १९६९ साली एकदम तीन : 'टिळा लावते मी रक्ताचा', 'डोंगरची मैना', 'मुरळी मल्हारीरायाची'. १९७० साली 'वारणेचा वाघ'. १९७४ साली 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा'. सात कादंबऱ्या पडद्यावर जाणं ही कुठल्याही मराठी लेखकाला मिरवण्यासारखी गोष्ट आहे. आणि हा माणूस वर्षानुवर्षं घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिला आणि १८ जुलै १९६९ ला गोरेगावात हलाखीत मेला. ज्या साली तीन सिनेमे, त्याच साली मरण. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून बघा. कुठल्या एका निर्मात्यानं पैसे बुडवले असा आरोप मी करत नाही. माझा आरोप व्यवस्थेवर आहे. जिच्यात सात पडदे उजळतात आणि लिहिणाऱ्याच्या झोपडीत उजेड पडत नाही, ती व्यवस्था कुणा एकाच्या बेइमानीवर चालत नाही. ती रिवाजावर चालते.

आता नावं बघा. खरी मेख इथं आहे. 'आवडी'चा झाला 'टिळा लावते मी रक्ताचा'. 'माकडीचा माळ'ची झाली 'डोंगरची मैना'. 'चिखलातील कमळ'ची 'मुरळी मल्हारीरायाची'. 'अलगूज'ची 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा'. सातातली चार नावं गेली. 'माकडीचा माळ' हे नाव उच्चारलं की भटक्यांची पालं, धूर, उपास, जनावरं सगळं डोळ्यापुढं येतं. 'डोंगरची मैना' म्हटलं की काय येतं? नऊवारी आणि लावणी. तिकीटखिडकीसाठी नाव बदललं, हे समजतं. पण त्यातून लेखकाचं दुहेरी नुकसान होतं. एक तर त्यानं ज्या माणसांसाठी लिहिलं ती माणसं नावातूनच हाकलली जातात. दुसरं, सिनेमा आवडलेला माणूस पुस्तकाच्या दुकानात जाऊन 'डोंगरची मैना' मागणार, तिथं ते पुस्तकच नाही. म्हणजे पडद्यामुळं जो खप वाढायचा तोही मारला गेला. सौंदर्यशास्त्र आणि पोट अशा दोन वेगळ्या गोष्टी नसतात. नाव बदललं की दोन्हीवर एकदम सुरी फिरते.

अशा वेळी लेखकाला जे देतात त्याला आपल्या भाषेत शब्द आहे 'मानधन'. किती गोड शब्द! गिरणीत मला कुणी मानधन देत नाही, पगार देतात. कमी देतात, पण त्याचा कागद असतो, त्यावर भांडता येतं. मानधनावर भांडता येत नाही. भांडलास की तू हावरा. मान दिलाय, वर पैसेही दिलेत, आणखी काय पाहिजे रे तुला? मित्रांनो, हे बोलणं आपण ऐकलंय. हे बलुत्याचं बोलणं आहे. बारा महिने गावकी राबायची आणि खळ्यावर पदर पसरायचा, किती पडेल ते देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं ते याच मर्जीविरुद्ध. कामाचं मोल ठरलेलं असावं, ते रोखीनं मिळावं, आणि ते मागताना मान खाली घालावी लागू नये. लेखकाच्या मोबदल्याचा प्रश्न मला त्या लढाईचाच उरलेला तुकडा वाटतो.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला : निर्माता धोका पत्करतो, सिनेमे बुडतात, लेखकाला कुठनं द्यायचं? बरं. सिनेमा बुडाला म्हणून लाइटवाल्याची दिवसाची मजुरी कुणी परत मागतं काय? कॅमेऱ्याचं भाडं बुडतं काय? मग धोका फक्त कथेच्याच पैशात का मोजायचा? आणि धोक्यात वाटा धरायचाच तर नफ्यातही धरा. आगाऊ थोडे द्या, चालला तर हिस्सा द्या. हा सरळ व्यवहार आहे.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच : चळवळीचा लेखक पैशाचं बोलतो? हो, बोलतो. १९५८ साली पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णाभाऊंनी सांगितलं की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलित-कामगारांच्या तळहातावर तरली आहे. त्या तळहातावर किती टेकवता, एवढंच आम्ही विचारतोय.

हा रोग जातीपुरता नाही, हेही बघा. हिंदीतल्या मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी'वरून 'समय की धारा' निघाला आणि कथेची मोडतोड झाली म्हणून त्या कोर्टात गेल्या. १९८६ साली दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की हक्क विकला म्हणून कृतीचं रूप विद्रूप करण्याची मोकळीक मिळत नाही. २००९ साली 'थ्री इडियट्स' आला तेव्हा चेतन भगतसारख्या इंग्रजीत लाखो खपणाऱ्या लेखकाचं नावही शेवटच्या पळत्या यादीत गेलं, आणि करारात तसंच होतं हे उत्तर मिळालं. जो इंग्रजीत करार वाचू शकतो त्याची ही गत. मग उजेडासाठी रस्त्याच्या दिव्याखाली बसून लिहिणाऱ्याचं काय?

म्हणून कायदा माहीत पाहिजे. १९५७ चा कॉपीराइट कायदा, त्याची २०१२ ची दुरुस्ती. कलम १९ पाठ करा. हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी. कुठली कृती, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, किती पैसे, सगळं त्यात लिहिलेलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि सिनेमासाठी हक्क दिला तरी थिएटर सोडून इतर ठिकाणी ती कृती वापरली तर त्या पैशात समान वाटा मागायचा लेखकाचा हक्क संपत नाही. टीव्ही आहे, मोबाइलवरचे पडदे आहेत, आज कमाई तिथंही आहे. लेखक मेल्यावरही साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवर ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. त्यानंतर कुणीही उचलील, कुणाला विचारायची गरज नाही. हातात थोडाच काळ आहे, आणि आपण डीजेचा आवाज वाढवतोय.

शेवटी घरचं सांगतो. मागं माझी एक कथा एका पोरानं लघुपटासाठी घेतली. पोरगा आपलाच, मोर्चात बरोबर चालणारा. कॅमेरावाल्याला पैसे दिले, एडिटिंगवाल्याला दिले, जेवणावळ झाली. मला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ. मी म्हटलं, "दादा, कथेचे?" तो हसला, "आपल्यात काय पैशाचं घेऊन बसलास! नाव टाकलंय की." शाल अंगावर घेऊन मी तिसऱ्या पाळीला गेलो. नारळाची चटणी झाली. रात्रभर तुटलेले धागे सांधत विचार करत होतो की हा माणूस वाईट नाही. त्याच्या डोक्यात कथा म्हणजे काम नाहीच. ती जणू आपोआप उगवते, रानातल्या शेणीसारखी, दिसेल त्यानं वेचावी.

तेव्हा सुरुवात आपल्यापासून. आपल्या नाटकात, लघुपटात, कलापथकात कुणाचं लिखाण घेतलं तर आधी कागद करा. पन्नास रुपये असले तरी लिहून द्या, आणि पाकिटावर 'मानधन' नका लिहू. 'मजुरी' लिहा. लिहिणाऱ्यांनो, सही करायच्या आधी चार जणांत वाचा. मुंबईत पटकथाकारांची संघटना आहे, तिथं कथा नोंदवता येते. लाजू नका. पगारवाढ मागताना आपण लाजत नाही, मग इथं का?

पुढच्या १ ऑगस्टला हार घालाच. पण त्या दिवशी प्रत्येक शाखेनं अण्णाभाऊंचं एक तरी पुस्तक विकत घेऊन वाचावं. जुन्या नावानं. 'माकडीचा माळ' म्हणून.

जय भीम!