उचल, हजेरी आणि दाखला

दलित साहित्याची चर्चा आपल्याकडे भूक, अपमान आणि विद्रोह या तीन शब्दांभोवती फिरत आली आहे. ते स्वाभाविकच होते. परंतु केलेल्या कामाचा पैसा केव्हा मिळतो, कुणाच्या हातून मिळतो आणि तो देणारा देण्याआधी आपली कोणती चौकशी करतो, हे प्रश्न आपण कामगार चळवळीच्या खात्यावर टाकून मोकळे झालो. त्यामुळे सावकार, पाटील, इनामदार ही माणसे कथा-कादंबरीत ठसठशीत उभी राहिली आणि समीक्षेनेही त्यांना ओळखले. मुकादमाला मात्र तिने कधी नीट न्याहाळले नाही. मुकादम मालक नव्हे आणि मजूरही नव्हे. तो माणसे पुरवतो. आज 'मनुष्यबळ पुरवठा एजन्सी' अशी पाटी लावून तो तालुक्याच्या गावात बसला आहे.

हा विषय आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. आमच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन फलटण-लोणंद पट्ट्यातल्या कारखान्यांत लागलेली कितीतरी पोरे ज्या कारखान्यात राबतात, त्या कारखान्याची नसतातच. ती एजन्सीची असतात. पगाराचे विचारले तर 'कंपनीकडून बिल निघाले की' असे उत्तर मिळते. कामावर घेताना मात्र आधार, पत्ता, मागच्या ठिकाणचा दाखला आणि पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी यांतले काहीही उद्यावर ढकलून चालत नाही. पोरगा एक दिवस उशिरा आला तर त्याचा दिवस जातो. एजन्सीने महिना लावला तर तिचे काही जात नाही. ही तक्रार नवी वाटते. मला ती आपल्या साहित्यात फार आधीपासून ऐकू येते, आणि तीही याच मुलखातून.

बेबीताई कांबळे फलटणच्या. त्यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. लक्ष्मण माने फलटण तालुक्यातलेच. त्यांचे 'उपरा' १९८० चे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीचे शंकरराव खरात आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. या चौघांची पुस्तके पैसा आणि चौकशी या दोनच गोष्टींवर नजर ठेवून वाचावीत, असे माझे म्हणणे आहे.

बेबीताईंनी रंगवलेल्या येसकराकडे पाहा. गावाचा निरोप, सरकारी माणसाची सरबराई, मयताची वर्दी, सारे काम त्याच्यावर नेमलेले. मोबदला मात्र नेमलेला नाही. दिवसभर राबल्यावर संध्याकाळी त्याने दारोदार भाकरी मागायची. ती मजुरीच असते, पण ती मागावी लागते, म्हणून ती भीक ठरते. खरातांनी 'तराळ-अंतराळ' (१९८१) या नावातच तराळकी बांधून ठेवली आहे. हा प्रश्न बाबासाहेबांनी किती नेमका पकडला होता हे आपण विसरतो. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाचे बिल मांडले, त्यामागचा एक हेतू हाच होता की वतनदाराला बलुत्यासाठी रयतेच्या दारात उभे राहावे लागू नये, त्याचा मोबदला रोख आणि निश्चित असावा. बिल मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. परंतु पैसा कुणाच्या मर्जीने मिळावा या प्रश्नाला हात घालणारे ते बिल आपण जयंतीच्या भाषणांत एका ओळीत उरकतो.

वतन गेले आणि ऊस आला, असे म्हणणे कालक्रमाच्या दृष्टीने बरोबर होणार नाही. फलटण संस्थानात साखरवाडीचा कारखाना तिसाच्या दशकातला. नीरा उजव्या कालव्याचे पाणी फिरले तसा ऊस पसरला. बीड-अहिल्यानगरकडून आणि आपल्याच माण, जत या दुष्काळी तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या उतरतात. इथे पैसा मागाहून येत नाही, आधी येतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम पैसे देतो, आणि हंगामभर ते फेडायचे असतात. त्या पैशाला शब्द आहे 'उचल'.

या शब्दापाशी समीक्षकाने थांबले पाहिजे. पैसे देतो मुकादम, पण क्रियापद मजुराच्या नावावर आहे. दिले गेले, असे कुणी म्हणत नाही. याने उचलले, असे म्हणतात. मग ते 'अंगावर' राहतात. हिशेब वहीत असला तरी कर्ज असते अंगावर, म्हणजे ते फेडायचेही अंगानेच. एक दिवस आजारपणात गेला तर 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात. टोळी मध्येच निघून गेली तर मजूर 'पळाले'. आता साहेबाने नोकरी सोडली तर तो राजीनामा देतो, प्राध्यापकाने सोडली तर तो अन्यत्र रुजू होतो. 'पळून' जातात ते कैदी, दावणीची जनावरे आणि ऊसतोड मजूर. वर्तमानपत्रेही हेच शब्द छापतात. मुकादमाने ठेकेदाराचे पैसे बुडवले की मथळा 'फसवणूक' असा येतो. मजुराला कोंडून ठेवले तर मात्र बोलण्यात 'वसुली' हा शब्द येतो, जणू काही एखाद्या पतपेढीचे काम चालू आहे.

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ची (१९८७) जात याच धातूवरून ओळखली गेली. उचल देणारा प्रतिष्ठित आणि उचल्या गुन्हेगार, ही आपली मराठी भाषा. त्या पुस्तकाच्या 'दाहक वास्तवा'वर पानेच्या पाने लिहिली गेली, साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. लेखक लातूरच्या सूतगिरणीत कामगार होता, संघटना बांधत होता, तो भाग मात्र चोरीच्या प्रसंगांइतका चर्चिला गेला नाही. मध्यमवर्गीय वाचकाला उचल्याची चोरी नवलाची वाटली. गिरणीतल्या कामगाराचा पगार त्याला नवलाचा वाटला नाही.

ठेकेदाराचीही एक बाजू आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. कारखाना करार करतो तो वाहतूक ठेकेदाराशी. तो बहुधा ट्रॅक्टरवाला शेतकरी असतो. कारखान्याचा आगाऊ पैसा आणि वर स्वतःचे कर्ज घालून तो मुकादमाला उचल देतो. मुकादम आलाच नाही तर ठेकेदाराचा ट्रॅक्टर आणि शेत दोन्ही अडकतात. अशी बुडालेली घरे आपल्या तालुक्यातही आहेत. म्हणून हल्ली ठेकेदार मुकादमाच्या गावी जाऊन चौकशी करतो. किती कोयते आहेत, मागच्या हंगामात कुठे होता, जामीन कोण राहतो, स्टँप पेपरवर सही कोण करतो, आणि शेवटी, सातबारा आहे का. चारित्र्याची चौकशी म्हणून सुरू झालेली गोष्ट जमिनीपाशी येऊन थांबते. सातबारा नसलेल्या मांगाच्या किंवा महाराच्या पोराने टोळी बांधायची ठरवली तर त्याचे चारित्र्य इथेच संपते. तो कोयता होऊ शकतो. मुकादम होण्याची वाट त्याला अरुंद आहे. आणि ही सारी चौकशी वरून खाली चालते. मुकादमाने मागच्या टोळीचा हिशेब पुरा केला का, कुणाच्या बायकोला नऊ महिने झालेले असताना फडात उभे केले का, हे विचारायला मजूर कुणाच्या गावी जाणार?

दराचेही तसेच. २०२३-२४ च्या हंगामाचा तोडणीचा दर ठरला तो जानेवारी २०२४ मध्ये. टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाले, मुकादमाचे कमिशनही एका टक्क्याने वाढले. वाढ स्वागतार्ह आहे आणि संघटनांनी ती झगडून मिळवली आहे. पण तोवर धुराडी पेटून दोन महिने झाले होते. म्हणजे पावसाळ्यात उचल घेणाऱ्या माणसाने आपले श्रम विकले तेव्हा त्यांचा भाव ठरलेला नव्हता. वेठबिगारीविरुद्धच्या १९७६ च्या कायद्यात आगाऊ रकमेचा स्पष्ट उल्लेख आहे. फडावर त्याचे वाचन कुणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता चौकशीचा दुसरा, जुना पदर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच चारित्र्य चिकटवले. पुढे मुंबई इलाख्यात कैकाडी, मांग, रामोशी अशा किती जमातींना हजेरी लागली. 'फकिरा'त मांगांच्या माथी मारलेली हजेरी आहे. 'उचल्या'तल्या आजोबालाही ठाण्यावर हजेरी आहे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तिथल्या माणसांवर पोलिसी देखरेख होती आणि गावातल्या गिरण्यांना मजूरही तिथूनच मिळत होते. हजेरी आणि मजूरपुरवठा एकाच कुंपणात होते, हे नीट लक्षात घेतले तर आजच्या एजन्सीच्या फायलीत पगाराचा कागद आणि पोलिसांचा कागद एकमेकांना टाचलेले का असतात याचा उलगडा होऊ लागतो. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, तारा तुटल्या. मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा.

बाबूराव बागुलांनी हीच चौकशी शहरात नेली. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीवर परगावी जातो. नोकरी मिळालेली असते, तरी खोली मिळवण्यासाठी 'तुम्ही कोण' या प्रश्नातून त्याला जावेच लागते. आपल्या समीक्षेने या कथेतली मारहाण पुष्कळ वाचली. शीर्षकातले क्रियापद तिने पुरेसे वाचले नाही. स्वतःची जात स्वतःपाशी ठेवणे म्हणजे चोरी! उचल, पळणे, चोरणे: आमच्या श्रमाची आणि नावाची सारी क्रियापदे पोलिसांच्या वहीतली आहेत. हे बागुलांना कळले होते म्हणून त्यांनी तो शब्द मथळ्यावर टांगला.

जात लपवली तर चोरी आणि सिद्ध करायला गेले तर पुरावा नाही, असा दुसरा पेच आहे. पडताळणी समितीकडे अनुसूचित जातीच्या उमेदवाराने १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा आणि विमुक्त-भटक्या उमेदवाराने २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा न्यायचा असतो. त्यात सर्वांत भक्कम समजला जातो तो आजा-पणज्याचा शाळेचा दाखला. ज्याच्या घरात पदवी घेणारा तो पहिलाच आहे, त्याने पणज्याची शाळा कुठून आणायची? माझ्या पिढीतल्या अनेकांच्या फायली या एका कागदापायी अडल्या आहेत. कैकाड्याचा पणजा शाळेच्या रजिस्टरात नव्हता. असलाच तर पोलिसांच्या हजेरीपुस्तकात होता. 'उपरा'मध्ये बापाने पोराला शाळेत घालण्याचा जो अट्टाहास धरला आहे, त्याचे मोल या कागदाच्या बाजूने पाहिले की निराळेच भासते. गावोगाव पाल ठोकणाऱ्या त्या घराची शाळेतली ती पहिली नोंद होती.

दाखल्यांच्या या साऱ्या खटाटोपामागे निदान राखीव जागा होती, बिंदुनामावली होती. एजन्सीच्या दारात ती नाही. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासननिर्णयाने सरकारी कार्यालयांना नऊ एजन्सींमार्फत माणसे घेण्याची वाट करून दिली होती. राज्यभर मुले रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. आपण जिंकलो असे आपल्या काही मित्रांनी लिहिले. मला तसे वाटत नाही. निर्णय गेला, पण पद्धत आधीपासून होती तशीच आहे. सफाई कामगार, शिपाई, संगणकचालक अजूनही ठेकेदारामार्फत येतात. खाजगी एजन्सीवर आरक्षणाचे बंधन नाही. 'आम्ही जात पाहत नाही' असे ती म्हणते आणि खरेही असेल. पत्ता मात्र ती पाहते, आणि आमच्या वस्त्यांच्या पत्त्यात जात लिहिलेलीच असते. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याने निदान एवढे म्हटले होते की ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यावा. पगाराची ही अंतिम जबाबदारी मूळ मालकावर आहे, हे किती पोरांना ठाऊक असते? त्यांच्या हाती येणाऱ्या नेमणूकपत्रात अटींची पाने भरलेली असतात. पगाराची तारीख त्यात शोधावी लागते.

म्हणून माझी सूचना अशी की आपल्या नियतकालिकांनी ही कागदपत्रे छापावीत: नेमणूकपत्रे, उचलीचे स्टँप पेपर, मुकादमाच्या वहीतले हिशेब. नावे झाकावीत, मजकूर ठेवावा. मराठी विभागांनी ती आत्मकथनांच्या शेजारी ठेवून शिकवावीत. हे साहित्य नव्हे असा आक्षेप येईल. 'बलुतं' आले तेव्हाही तो आला होता.

तसे वाचायला बसले की पहिल्याच कागदावर एक गोष्ट दिसते. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एकटा असेल तर अर्धा. उचल कोयत्यावर मिळते, पण अंगठा पुरुषाचा असतो. बाई ऊस साळते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, पोर सांभाळते आणि पहाटेच्या भाकरी थापते. करारात तिचे नाव नसते. उचल फेडण्यात मात्र तिचा अर्धा वाटा धरलेला असतो. खाड्याच्या धास्तीने गर्भाशय काढून टाकलेल्या बीडच्या बायकांची चौकशी करायला २०१९ मध्ये समिती नेमावी लागली, त्या बायकांचीही नावे मुकादमाच्या वहीत नव्हती. बेबीताईंनी दुकानात बसून रद्दी कागदावर लिहिलेले आपले पुस्तक वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. आमच्या समीक्षेने ते मोठ्या कौतुकाने नोंदवले. साखरवाडीच्या फडावरच्या बाईकडे लपवायलाही कागद नाही. तिच्या श्रमाचा एकमेव कागद मुकादमाच्या पिशवीत आहे, आणि त्यावर ती 'अर्धा कोयता' आहे.