शोकांतिका आणि व्यसनमुक्तीचे कथन : ‘एकच प्याला’चे तौलनिक पुनर्वाचन

१.

मद्यपान हा आधुनिक भारतीय साहित्यातील एक प्रमुख शोकविषय आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘देवदास’ ही कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर (२३ जानेवारी १९१९) महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. जवळजवळ एकाच काळात दोन भाषांत अवतरलेल्या या कृतींनी मद्यपी माणसाचे जे चित्र घडविले, ते पुढील कित्येक दशके भारतीय वाचक-प्रेक्षकांच्या मनात प्रमाण मानले गेले. सुशिक्षित, संवेदनशील, दुखावलेला पुरुष पेल्याकडे वळतो आणि मृत्यूपर्यंत परत फिरत नाही, असा तो आराखडा आहे.

विसाव्या शतकातच व्यसनाविषयीचे दुसरे कथन उदयास आले. १९३५ साली अमेरिकेतील ऍक्रन येथे ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या बंधुसंघाची सुरुवात झाली आणि १९३९ साली त्याचा मूलग्रंथ निघाला. येथे कथा सांगतो तो स्वतः मद्यपी, आणि तो जिवंत असतो. पूर्वी काय होते, मग काय घडले आणि आज काय आहे, अशी या निवेदनाची तीन अंगे असतात. शोकांतिका आणि हे कथन यांच्यातील भेद केवळ सुखान्त-दुःखान्ताचा नाही. तो कालाच्या आणि कर्तृत्वाच्या कल्पनेतील भेद आहे.

२.

गडकऱ्यांच्या नाटकाचे शीर्षकच त्याचा सिद्धान्त आहे. सनद गेल्याने उद्विग्न झालेल्या सुधाकराला तळीराम पहिला प्याला देतो आणि त्या क्षणापासून पुढचे सारे अटळ होते. विशेष म्हणजे बंधुसंघाच्या शिकवणुकीतही ‘पहिला प्याला’ हाच केंद्रबिंदू आहे. मद्यपी बुडतो तो दहाव्या पेल्याने नव्हे, पहिल्याने, ही तेथील मूळ धारणा आहे. विधान जवळपास तेच असले तरी त्याचा काळ बदलला आहे. गडकऱ्यांच्या नाटकात पहिला प्याला भूतकाळात जमा झालेला आहे. तो घेतला गेला म्हणून सुटका नाही. मुक्तीच्या कथनात तो नेहमी पुढे असतो, आणि आजच्या दिवसापुरता तो नाकारता येतो. पहिल्या रचनेत एका कृतीचे नियतीत रूपांतर होते; दुसरीत त्याच कृतीचे रोजच्या निवडीत.

म्हणूनच मुक्तीच्या कथनाला शोकांतिकेसारखा उत्कर्षबिंदू नसतो. पुनरावृत्ती हे त्याचे लक्षण आहे. नाट्यदृष्ट्या ते नीरस भासते आणि साहित्याने ते फारसे हाताळले नाही याचे एक कारण येथे सापडते. युजीन ओ’नील यांच्या ‘द आइसमन कमेथ’ या नाटकात (लेखन १९३९, प्रयोग १९४६) ‘सुधारलेला’ हिकी गुत्त्यातील मित्रांना त्यांच्या भ्रमांतून सोडवू पाहतो. परंतु त्याच्या मुक्तीमागे पत्नीची हत्या आहे हे उघड होते आणि मंडळी पुन्हा भ्रमांकडे परततात. मुक्ती रंगमंचावर आली, ती अशी संशयास्पद होऊन.

३.

तथापि ‘एकच प्याला’ हे केवळ अटळतेचे नाटक आहे असे मानणे अपुरे ठरते. शोकात्म प्रवाहाने झाकलेले दुसरे एक ज्ञान त्या संहितेत आहे. प्रेमभंगाने मद्याकडे वळलेला आणि आर्य मदिरा मंडळात रमलेला भगीरथ रामलालच्या सहवासाने त्यातून बाहेर पडतो. तो सुटतो तो केवळ निग्रहाच्या बळावर नव्हे. त्याच्यावर कुणीतरी विश्वास टाकलेला असतो आणि त्याच्यापुढे लोकसेवेचे कार्य ठेवलेले असते. याउलट सुधाकरही एकदा मद्यत्यागाचा निश्चय करतो आणि कामाच्या शोधात निघतो; त्याच्या वाट्याला येते ती प्रतिष्ठितांची अवहेलना. त्यानंतर तो पुन्हा पेल्याकडे वळतो.

या दोन पात्रांना शेजारी ठेवले की नाटकाचा कार्यकारणभाव बदलतो. सुधाकराचा नाश पहिल्या प्याल्याने जितका होतो, तितकाच परत येऊ पाहणाऱ्यास दार न उघडणाऱ्या समाजाने होतो. व्यसनमुक्तीच्या आजच्या व्यवहारात पुन्हा पिणे हा आजाराच्या वाटचालीतला अपेक्षित टप्पा समजला जातो. नाटकात मात्र तो अखेरचा निवाडा ठरतो. सुधाकराला उपचार उपलब्ध नव्हते हेही ध्यानात घ्यावे लागते. तळीरामाच्या आजारपणात वैद्य आणि डॉक्टर येतात ते परस्परांशी भांडून हशा पिकविण्यासाठी. मद्यासक्तीवरील डायसल्फिराम हे औषध डेन्मार्कमध्ये पुढे आले ते १९४८ साली.

सिंधूच्या पात्राबाबत अधिक सावधगिरी हवी. मरणोन्मुख सिंधू पतीला वाचविण्यासाठी खोटी जबानी देते. बालगंधर्वांच्या भूमिकेने हा प्रसंग पातिव्रत्याचे शिखर म्हणून रसिकमनात रुजला. व्यसनाला कुटुंबाचा आजार मानणारी आजची दृष्टी याच कृतीत व्यसनावर पांघरूण घालण्याची प्रवृत्ती पाहील. पण ज्या स्त्रीपाशी मालमत्ता नाही आणि पतीपासून वेगळे होण्याचा मार्गही नाही, तिच्यावर हा दोष लादणे अन्यायाचे होईल. येथे उपचारशास्त्राची परिभाषा जशीच्या तशी लावता येत नाही. ती नाटकाला प्रश्न विचारू शकते, नाटकाच्या वतीने उत्तर देऊ शकत नाही.

४.

मराठीत व्यसनमुक्तीच्या कथनाला खरी भूमी मिळाली ती १९८६ नंतर. त्या वर्षी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. अवचटांचे ‘गर्द’ हे पुस्तक वृत्तान्तपर असले तरी त्याने व्यसनी माणसाला खलनायक किंवा शोकनायक न करता माणूस म्हणून उभे केले.

परंतु हे कथन पाश्चात्त्य मुशीतून आयते उचललेले आहे असे म्हणता येणार नाही. बंधुसंघाच्या कबुलीजबाबामागे ख्रिस्ती पापनिवेदनाची परंपरा आहे हे खरे. मराठीत त्याला प्रतिसाद देणारी वेगळी संसाधने होती. संतांच्या अभंगांतील निःसंकोच आत्मनिंदा हे त्यांपैकी एक. माळ घालण्याची प्रथा हे दुसरे. गळ्यात तुळशीची माळ आली की मद्यमांस सुटते, आणि हे सुटणे खाजगी निश्चय न राहता गावासमोरचे, वारीच्या संगतीतले व्रत बनते. एकट्याच्या इच्छाशक्तीऐवजी समूहाच्या आधारावर भिस्त ठेवणे हा बंधुसंघ आणि वारकरी परंपरा यांच्यातील साम्याचा खरा मुद्दा आहे. अनामिकता हा मात्र दोहोंतील स्पष्ट विरोध होय: एकाचे रक्षण नाव झाकून होते, दुसऱ्याचे चारचौघांच्या साक्षीने.

५.

या तुलनेचा निष्कर्ष शोकांतिकेला कमी लेखण्याचा नाही. व्यसनाच्या विनाशकतेचे जे आकलन गडकऱ्यांनी दिले त्याची तीव्रता मुक्तीच्या कथनांना क्वचितच साधते. मात्र शोकनायकाचा आराखडाच व्यसनाचे संपूर्ण सत्य मानला गेला, तर उपचारापर्यंत पोहोचू शकणारा माणूस आधीच गमावलेला समजला जातो. देवदासच्या पडद्यावरील वारंवार झालेल्या अवतारांनी, २००२ च्या भव्य चित्रपटापर्यंत, ही समजूत मोहक करून ठेवली आहे. भगीरथाला दुय्यम पात्रांच्या यादीतून काढून सुधाकराच्या समोर उभे करणे हे म्हणूनच केवळ संहितेचे पुनर्वाचन राहत नाही. मद्यपीविषयी समाज कोणती कथा खरी मानतो, हा प्रश्न त्यातून पुन्हा खुला होतो.