झोळीवांचून पाठवणी

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिक्रापूर लागतें, आणि तेथून आग्नेयेस, भीमेपलीकडे, दौंड तालुक्यांतील केडगांव आहे. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन तेथेंच उभें राहिलें. ज्या मुलुखांत ख्रिस्ती उपदेशकांची ये-जा इतकी जुनी, तेथें ख्रिस्तानें शिष्यांस प्रचारार्थ पाठवितांना केलेल्या उपदेशाचें परीक्षण आमच्या वाचकांस परकें वाटूं नये.

हा उपदेश मत्तय, मार्क व लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आला आहे. पण तो एकसारखा नाहीं. मार्क काठी व वहाणा यांस मोकळीक देतो, तर मत्तय त्याही नाकारतो. लूक बारा शिष्यांची पाठवणी सांगून पुढें सत्तरांची (कांहीं हस्तलिखितांत बहात्तरांची) निराळी सांगतो. काठीवरून टीकाकारांनीं पुष्कळ काथ्याकूट केला आहे. आम्हांस त्यांत स्वारस्य नाहीं. तिघांचें एकमत आहे तें महत्त्वाचें : जवळ पैसा नको, वाटेसाठीं झोळी नको, आणि ज्या घरीं आसरा मिळेल तेथेंच गांव सोडीपर्यंत रहावें.

हें वाचून आपल्याकडील संन्याशाचें स्मरण होतें. पण साम्य वरवरचें आहे. मधुकरी मागणारा पांच घरीं जातो, म्हणून कोणा एकाचा मिंधा होत नाहीं. झोळी हेंच त्याचें स्वातंत्र्य. येथें तीच काढून घेतली आहे. उपदेशकानें एकाच घरचें पाहुणपण पत्करावें, पुढें येईल तें खावें, आणि दार मिटल्यास पायांची धूळ झाडून निघावें. बोलणाऱ्याचें पोट ऐकणाऱ्याच्या हातीं असलें म्हणजे बोलण्यांत जबरदस्ती शिरत नाहीं, हें यांतील मर्म आम्हांस दिसतें.

या पाहुणचारावर लबाडही जगूं लागले असावेत. १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘दिदाखे’ या प्राचीन ग्रीक ग्रंथांत त्यावर तोड आहे : प्रेषितानें एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस रहावें, तिसरा दिवस राहिला किंवा पैसा मागितला, तर तो खोटा समजावा.

आमच्या देशांत मात्र हें नातें उलटें झालें. उपदेशकाजवळ बंगला, पगार, शाळा, दवाखाना. आणि ऐकणारा आश्रित. रेव्हरंड नारायण वामन टिळकांस हें सलत असावें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी सेवा सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला.

रमाबाईंचा प्रश्न याहून बिकट होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. गांवोगांव पुराण सांगावें व श्रोते देतील त्यावर गुजराण करावी, हें त्यांनीं लहानपणींच अनुभविलें. दुष्काळांत आईबाप गेले तेही पाहिलें. पुढें १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत शेंकडों मुली त्यांनीं आश्रयास आणल्या. अन्न देणारा व उपदेश करणारा हात तेथें एकच झाला. भुकेल्या पोरीस अन्न नाकारावें असें कोण म्हणेल? आम्ही तर म्हणणार नाहीं. तथापि जिचें ताट आपल्या हातीं आहे तिचा होकार कितपत मोकळा, ही शंका राहतेच. आणि ती शंका शुभवर्तमानांतील हा उपदेशच उपस्थित करतो, हें आमच्या ख्रिस्ती बंधूंनीं ध्यानांत घ्यावें.

१९०५ च्या सुमारास केडगांवच्या तरुण स्त्रिया आसपासच्या गांवीं उपदेशास जाऊं लागल्या. परक्याच्या उंबऱ्याशीं उभ्या राहतांच जुनें नातें पुन्हां सुलट झालें. तेथें घरची बाई पाणी देवो अथवा दार लावो, निवड तिची होती. दार लावण्याचा हा हक्क जेथें शाबूत आहे, तेथेंच त्या प्राचीन उपदेशाचें खरें पालन होतें, असें आमचें मत आहे. हें माप आम्ही केवळ ख्रिस्ती उपदेशकांसच लावतों असें नाहीं. आपल्याकडील प्रत्येक धर्मप्रसारकानेंही तें स्वतःस लावून पहावें.