फार्सला शहाणी माणसं लागतात

रोहित शेट्टीचा ‘सर्कस’ (2022) पाहून हसू आलं नाही, याचं मला दुःख नाही. न हसवणारे विनोदी सिनेमे पैशाला पासरी मिळतात. संताप आला तो ‘कॉमेडी ऑफ एरर्स’सारखं हुकमी पान हातात असताना डाव घालवल्याचा.

रोमन नाटककार प्लॉटसच्या जुळ्यांना शेक्सपिअरने जुळ्या नोकरांची जोड दिली, तेव्हाच निम्मं काम झालं होतं. आपल्याकडच्या रूपांतरांपैकी उत्तमकुमारचा ‘भ्रांतिबिलास’ (1963) प्रसन्न आहे. ‘दो दूनी चार’ (1968) किशोरकुमारसाठी पाहावा, एवढंच. ‘बडे मियाँ छोटे मियाँ’विषयी न बोललेलं बरं. उरतो ‘अंगूर’ (1982), आणि तो पुरून उरतो.

‘दो दूनी चार’ गुलजारनेच लिहिला होता. चौदा वर्षांनी तीच गोष्ट त्याने स्वतः दिग्दर्शित केली. परक्या गावात अनोळखी माणसं नावानिशी हाका मारू लागली की शेक्सपिअरच्या नायकाला चेटकाची शंका येते. गुलजारने चेटूक काढलं आणि नायक अशोकच्या हातात गुप्तहेरकथा दिल्या. गडी द्राक्षांची बाग घ्यायला आलाय, जवळ रोकड आहे, डोक्यात कादंबऱ्या आहेत. मग ओळख दाखवणारा प्रत्येक जण त्याला टोळीतला वाटणारच! ‘बायको’ जितकी जीव लावते, तितका कट गहिरा होतो. त्याच्या तर्कात कुठे खोट नाही, फक्त पहिली पायरी चुकलेली. संजीवकुमार हे सगळं कमालीच्या गांभीर्याने करतो. त्याचा नोकर झालेला देवेन वर्मा भांगेच्या तारेतसुद्धा तोल सोडत नाही.

‘सर्कस’मध्ये जुळ्यांपैकी एक रॉय विजेच्या तारा धरतो आणि तिकडे दुसऱ्याला शिवणारा थडथड उडतो. पुन्हा शिवतो, पुन्हा उडतो. यात कुणाचा कसला गैरसमज झाला? गैरसमज व्हायला समज लागते. इथे सगळे आधीपासूनच वेडे, म्हणून जो तो ओरडतो, आणि कमी पडेल तिथे पार्श्वसंगीत ओरडतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: डोकं बाजूला ठेवून बघा. अहो, फार्स तसा बघताच येत नाही! हार कुणाच्या हाती पडला, पैसे कुणाकडे राहिले, दाराबाहेर खरा नवरा उभा आहे की खोटा, हा हिशेब पात्रांना लागत नाही, तो प्रेक्षकाने ठेवायचा असतो. बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’ या फार्सला लोटणारी माणसं काही नाट्यशास्त्र शिकून येत नव्हती. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून यायची आणि तरी एकही धागा सुटू द्यायची नाहीत. त्यांच्या नातवंडांना मात्र हे झेपणार नाही, असं परस्पर ठरवून टाकणाऱ्यांनी ऐन नाताळच्या सुट्टीत ‘सर्कस’ का आपटला, तेही एकदा सांगावं.