ताबा की वाट? मेनफ्रेमवरील एका संज्ञेची चिकित्सा

पारिभाषिक संज्ञा दुर्बोध असली तर वाचक अडखळतो आणि विचारतो. ती चुकीच्या दिशेने सुबोध असली तर तो न अडखळता चुकीच्या ठिकाणी जाऊन पोहोचतो. दुसरा दोष अधिक घातक होय. ‘पासथ्रू’ ही संज्ञा या दुसऱ्या वर्गातील आहे, आणि तिचे मराठीकरण करताना मूळचा दोष आपण जसाच्या तसा उचलीत आहोत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम विषय सांगितला पाहिजे. मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर एकाच यंत्राची अनेक ‘आभासी यंत्रे’ करण्याची पद्धत जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात ‘सीपी-४०’ ही प्रणाली १९६७ साली चालू झाली. तिच्या परंपरेतील ‘व्हीएम/३७०’ १९७२ साली जाहीर झाली, आणि आजची ‘झेड/व्हीएम’ तिचीच वंशज आहे. प्रत्येक आभासी यंत्राला वाटते की आपल्यापाशी स्वतःची स्मृती, स्वतःच्या तबकड्या, स्वतःचा छपाईयंत्र आहे. वस्तुतः खाली बसलेला ‘कंट्रोल प्रोग्राम’ हा देखावा सांभाळीत असतो. परंतु काही वेळा देखावा पुरत नाही. एखादे खरेखुरे साधन, जसे टेपयंत्र किंवा सांकेतिकीकरणाचे कार्ड, एकाच आभासी यंत्राला द्यावे लागते. या देण्यालाच आज ‘पासथ्रू’ म्हणतात.

आमच्याकडील काही विद्यार्थ्यांनी यासंबंधीच्या साहित्याचा मराठी मसुदा करावयास घेतला, तेव्हा तीन प्रतिशब्द पुढे आले : ‘आरपार जोडणी’, ‘पारगमन’ आणि ‘समर्पित साधन’. पहिला बोलीतला, दुसरा संस्कृतातून घडविलेला, तिसरा हिंदीच्या वाटेने आलेला. तिन्हींची परीक्षा करू.

‘समर्पित’चा निकाल लवकर लागतो. ‘डेडिकेटेड’ला हिंदी प्रशासनाने ‘समर्पित’ म्हटले आणि मालगाड्यांच्या स्वतंत्र लोहमार्गाबरोबर तो शब्द आपल्या वृत्तपत्रांतही आला. मराठीत मात्र समर्पण देवाला, गुरूला किंवा राष्ट्राला होते, आणि समर्पित वस्तू परत मागण्याची रीत नाही. येथे तर ‘अटॅच’ या आज्ञेने साधन दिले जाते आणि ‘डिटॅच’ने परत घेतले जाते. टेपयंत्र कोणी कोणाच्या चरणी वाहिलेले नसते.

‘आरपार’ आणि ‘पारगमन’ यांचा प्रश्न गंभीर आहे, कारण ते मूळ इंग्रजी शब्दाशी इमान राखतात. ‘पासथ्रू’ हा शब्द वाटेचे वर्णन करतो : आभासी यंत्राची आज्ञा मधल्या कोणालाही न शिवता थेट साधनापर्यंत जाते, असे चित्र तो उभे करतो. मेनफ्रेमच्या बाबतीत हे चित्र बहुतांशी खोटे आहे. साधनाला काम सांगण्यासाठी मेनफ्रेमवर ‘चॅनेल प्रोग्राम’ नावाची आज्ञांची साखळी लिहावी लागते, आणि तिच्यात स्मृतीतील पत्ते असतात. आभासी यंत्राला माहीत असलेले पत्ते त्याच्या देखाव्यातील. खऱ्या स्मृतीत ती माहिती भलत्याच ठिकाणी असावयाची. म्हणून व्हीएम/३७० मध्ये साधन एकट्याच्या स्वाधीन केलेले असले, तरी त्याचा प्रत्येक चॅनेल प्रोग्राम कंट्रोल प्रोग्राम हाती घेई, पत्ते बदलून त्याची नवी प्रत तयार करी, संबंधित स्मृतिपृष्ठे जागच्या जागी खिळवी आणि मगच तो पुढे पाठवी. अपवाद एकच होता : ज्या आभासी यंत्राची स्मृती खऱ्या स्मृतीशी पत्त्यास पत्ता जुळवून ठेवलेली असे, त्याच्यापुरते हे भाषांतर बंद करता येई. लिनक्सच्या गाभ्यात २०१७ साली आलेल्या ‘व्हीएफआयओ-सीसीडब्ल्यू’ या सोयीतही चॅनेल प्रोग्रामचे भाषांतर होतेच, आणि तरीही तिला पासथ्रूच म्हणतात! याउलट २०१८ सालच्या ‘व्हीएफआयओ-एपी’मध्ये सांकेतिकीकरणाच्या कार्डाला उद्देशून दिलेल्या आज्ञा यंत्रभागच परस्पर पाहतो, तेथे वाट खरोखर थेट आहे.

म्हणजे एकाच संज्ञेखाली दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक, साधन कोणाकडे आहे. दुसरी, आज्ञा कोणत्या वाटेने जाते. पहिली गोष्ट सर्व प्रकारांत समान आहे, दुसरी प्रकारागणिक बदलते. संज्ञेने समान लक्षण सांगावे, ही अपेक्षा वावगी नव्हे. जुन्या मेनफ्रेमकारांनी ‘डेडिकेट’ आणि ‘अटॅच’ असे शब्द योजले होते. ते वाटेविषयी काहीच बोलत नाहीत, फक्त स्वाधीनतेविषयी बोलतात. पुढे लहान संगणकांच्या जगातून ‘पासथ्रू’ आला आणि त्याने अचूक शब्दांना मागे सारले.

हा काथ्याकूट केवळ शब्दांचा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तळवडे आणि हिंजवडी येथील कचेऱ्यांतून मेनफ्रेमवर काम करणाऱ्या आमच्या तरुणांचा विचार करावा. ज्या यंत्रावर ते काम करतात ते बहुधा समुद्रापलीकडे असते. त्यांच्यासमोर पडद्यावरचे शब्दच काय ते असतात. लेथवर काम करणारा भोसरीचा कारागीर चुकीच्या शब्दाची दुरुस्ती हाताने करून घेतो, कारण वस्तू त्याच्यापुढे असते. येथे ती सोय नाही. ‘आरपार’ शब्दावर विसंबलेला मनुष्य बिघाड शोधताना मधल्या भाषांतरकाराकडे पाहणारच नाही, कारण मध्ये कोणी नाही असे शब्दानेच त्याला सांगितलेले असते.

मग शब्द कोठून आणावा? प्रस्तुत लेखकाला तो चाकणच्या जमिनीत सापडतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे या गावांच्या शेतजमिनींचे भूखंड झाले, आणि ते कारखानदारांना सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाले. मालकी महामंडळाची, ताबा कारखानदाराचा. या पट्ट्यातील कोणत्याही घरात हा भेद समजावून सांगावा लागत नाही. सातबारा वाचता येणाऱ्या आजोबांना तो संगणकशास्त्राच्या पदवीधराहून अधिक चांगला कळतो. पासथ्रूमध्ये नेमके हेच घडते. साधनाची मालकी कंट्रोल प्रोग्रामपाशी राहते, ताबा आभासी यंत्राकडे जातो. तेव्हा ‘अटॅच’ म्हणजे ताबा देणे, ‘डिटॅच’ म्हणजे ताबा काढणे किंवा सोडणे, आणि अशा साधनाला ‘ताब्यातील साधन’ म्हणावे. वाट थेट आहे की भाषांतरित, हे वेगळ्या विशेषणाने सांगावे. महावितरणचा ‘एक्स्प्रेस फीडर’ घेणाऱ्या कारखान्यालाही हा भेद ठाऊक असतो : वाहिनी त्याच्या एकट्याची, पण उपकेंद्र आणि मीटर मध्ये आहेतच.

ही उपमा तपशिलातही टिकते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे भोगवटादार वर्ग २ याला जमीन परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. झेड/व्हीएममध्ये टेपयंत्राचा ताबा दुसऱ्या आभासी यंत्राकडे देण्यासाठी ‘गिव्ह’ ही आज्ञा आहे. ती वापरावयास अधिकार लागतो, आणि काम झाल्यावर साधन मूळ ताबेदाराकडे परत यावे अशी अटही घालता येते. शिवाय ताबा देताना साधनाला दुसरा क्रमांक मिळतो : खरे ५८० क्रमांकाचे टेपयंत्र ताबेदाराच्या दृष्टीने १८१ होऊ शकते. सर्व्हे नंबर वेगळा आणि भूखंड क्रमांक वेगळा, जमीन मात्र तीच. ‘आभासी’ हे विशेषण म्हणूनच येथे साधनाला लावता येणार नाही. आभासी आहे तो केवळ क्रमांक.

‘यजमान’ आणि ‘पाहुणा’ या जोडीविषयीही येथे बोलले पाहिजे. पाहुण्याला आपण पाट देतो, ताट देतो. खोलीचा ताबा देत नाही. ताबा मिळतो तो भाडेकरूला. संगणकव्यवसायाने अलीकडे ‘टेनंट’ हा शब्द जवळ केला आहे, तो काही उगाच नव्हे. ‘यजमान’ शब्दाने तर अनेक घरांत पतीचा बोध होतो, हे मसुदा वाचणाऱ्या एका विद्यार्थिनीने हसत निदर्शनास आणले, आणि तिचे म्हणणे खोडून काढणे मला जमले नाही.

दोन आक्षेप संभवतात. पहिला, ‘ताबा’ अरबी वळणाचा. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून परकी शब्द वगळण्याचे प्रयत्न झाले, तरी जमिनीच्या व्यवहारात मालक, ताबा, कब्जा हे शब्द टिकले, कारण व्यवहाराचे वजन त्यांच्यावर होते. इतक्या वापरलेल्या शब्दाला परका म्हणण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप अधिक विचारणीय : ‘ताबा’ शब्दाला बळजबरीचा वास येतो. परंतु तो वास मुख्यतः ‘कब्जा’ शब्दाला आहे. सदनिकेची किल्ली देताना आपण ‘ताबापावती’च करतो आणि तीत कोणाला दांडगाई दिसत नाही. राहता राहिला ‘पासथ्रू’ जसाच्या तसा घेण्याचा मार्ग. बोलण्यात तो खुशाल घ्यावा. पाठ्यपुस्तकात घेतल्यास त्याच्याबरोबर त्याचा घोटाळाही घ्यावा लागेल.

एकदा या शब्दकुळात शिरल्यावर शेजारच्या संज्ञाही हाती लागतात. ‘मिनीडिस्क’ म्हणजे खऱ्या तबकडीचे सलग सिलिंडर तोडून दिलेला तुकडा. तो शुद्ध ‘पोटहिस्सा’ आहे. सांकेतिकीकरणाचे कार्ड झेड/व्हीएममध्ये एकट्याला देता येते किंवा अनेकांत वाटून वापरता येते. दुसऱ्या प्रकाराला ‘सामाईक’ हा सातबाऱ्यातलाच शब्द आहे. स्पूलवरचा छपाईयंत्र मात्र यात बसत नाही. आभासी यंत्र मजकूर छापला असे समजते, कंट्रोल प्रोग्राम तो साठवून ठेवतो आणि सवडीने छापतो. तेथे ना ताबा, ना हिस्सा. त्याचा शब्द तलाठ्याच्या दप्तरात नाही. तो बहुधा टपालखात्याच्या किंवा अडत्याच्या बोलीत शोधावा लागेल.